येलचे ३ टक्के, २१ दिवस आणि डिसेंबरातला तो संदेश

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की तो संदेश फिरू लागतो. तपशील इकडेतिकडे होतात, पण गाभा असा: येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती. २० वर्षांनी पाहिलं, तर या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त भरली. तेव्हा ३१ डिसेंबरला तुम्हीही ध्येय लिहा. मोठं लिहा. चारचौघांत जाहीर करा, म्हणजे लाजेकाजेस्तव तरी पाळाल. २१ दिवस सलग केलंत की सवय लागते. मध्ये खाडा पडला तर पुन्हा एकपासून मोजा. आणि जाता जाता धाक: ९२ टक्के लोकांचे संकल्प मोडतात.

पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हा संदेश शब्दशः पाळला तर संकल्प मोडण्याचीच सोय जास्त होते. तो सगळा भार एका दिवसाच्या निर्धारावर टाकतो आणि पुढच्या महिन्यांबद्दल, खाडा मोजण्यापलीकडे, काहीही सांगत नाही.

आधी येल. असा अभ्यास कधी झालाच नाही. अमेरिकेतल्या ‘फास्ट कंपनी’ मासिकाने १९९६ मध्ये त्याचा माग काढला. व्यासपीठावरून ही गोष्ट सांगणाऱ्या नामवंत वक्त्यांना आधार विचारला, तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने परत पहिल्याकडे. येलकडेही अशा पाहणीचा मागमूस मिळाला नाही. तरी गोष्ट थांबली नाही. काही आवृत्त्यांत येलच्या जागी हार्वर्ड आणि १९५३ च्या जागी १९७९ आलं, टक्के मात्र तेच राहिले.

घटकाभर धरून चालू की असा अभ्यास झाला होता. तरी त्यातून काय सिद्ध झालं असतं? विशीत ध्येय लिहून काढणारी मुलं कदाचित मुळातच सधन घरातली असतील, त्यांच्यापुढची वाट आधीच आखलेली असेल. शिवाय माणसाचं ध्येय सफल झालं की नाही हे मोजायला संदेशाला बँकेतल्या शिलकीखेरीज दुसरं माप सापडत नाही. मला खोट्या अभ्यासापेक्षा हे जास्त खटकतं.

मग लिहिण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण काय लिहिता त्यावर. ब्रिटनमधला २००२ सालचा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा तरी २० मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा. पहिल्या गटाला काही विशेष दिलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांवरचा मन वळवणारा मजकूर वाचायला दिला. त्यांची इच्छा वाढली, व्यायाम मात्र ३५ टक्क्यांनीच केला. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि वर एक वाक्य लिहिलं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे. या गटातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केल्याचं सांगितलं. प्रयोग छोटा होता, आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले होते, हे मान्य. पण मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि पॅस्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही ‘अमुक वेळ आली की मी तमुक करीन’ असं ठरवण्याचा परिणाम चांगला ठळक दिसला. दुसऱ्या गटाकडे पुन्हा एकदा पाहा. प्रेरणादायी मजकूर वाचून इच्छा वाढते आणि हातून काही घडत नाही. आपला फिरता संदेश नेमका त्याच जातीचा.

‘मोठं ध्येय ठेवा’ यात तथ्य आहे, अर्धं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक दशकं हाच विषय अभ्यासला. ‘होईल तेवढं करा’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर काम चांगलं होतं, हा त्यांचा निष्कर्ष पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे. पण त्यांनीच घातलेल्या अटी संदेशात गळून पडतात: ते करण्याची कुवत हवी, मनापासूनची बांधिलकी हवी, आणि आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवं. काम नवखं आणि गुंतागुंतीचं असेल तर आधी ‘हे कसं करतात ते शिकेन’ असं ध्येय बरं. आकड्याचं ध्येय तिथे उलट आड येऊ शकतं. ज्याने कधी पानभर लिहिलं नाही त्याने वर्षात कादंबरी पुरी करायची प्रतिज्ञा करण्यापेक्षा एक प्रसंग नीट लिहायला शिकावं.

आणि मोठेपणाच्या आधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे हे ध्येय कुणाचं? केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की आवडीपोटी किंवा स्वतःला पटलं म्हणून घेतलेल्या ध्येयासाठी माणूस जास्त काळ झटतो आणि ते गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. लोक काय म्हणतील म्हणून किंवा अपराधी वाटतं म्हणून घेतलेलं ध्येय तितकं रेटलं जात नाही. संदेश मात्र लाजेलाच इंधन म्हणून वापरायला सांगतो.

जाहीर करण्याचंही तसंच. गोलविट्झर यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रयोगांत आढळलं, की ‘मी असा असा होणार’ हा इरादा दुसऱ्याने नोंदवून घेतला की प्रत्यक्ष मेहनत कमी होते. आपण जणू तसे झालोच, असं थोडंसं समाधान तिथेच मिळून जातं. उलट २०१६ साली १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात प्रगतीची नोंद ठेवल्याने फायदा दिसला, आणि ती नोंद लेखी असेल किंवा इतरांना कळवली असेल तर जास्त. म्हणजे सांगायचंच तर काय झालं ते सांगा. काय होणार आहे ते पोटात राहिलं तरी चालेल.

आता २१ दिवस. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळालं, ‘आसपास’ही गळालं, आणि चेहऱ्याच्या जागी व्यायामापासून वाचनापर्यंत सगळं आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे नजर ठेवली. प्रत्येकाने रोज ठरावीक प्रसंगी करायची एक गोष्ट निवडली होती. ती आपसूक होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त; माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. (२५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, पाहणी ८४ दिवसांतच संपली होती. त्यामुळे ६६ चाही मंत्र करू नये.) पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे ‘पुन्हा एकपासून मोजा’ हा सल्ला निराधार तर आहेच, वर घातकही आहे. विसाव्या दिवशी ताप आलेल्या माणसाला तो सांगतो की तुझे १९ दिवस वाया गेले.

९२ टक्क्यांबद्दल फार बोलायला नको. या आकड्याला अनेकदा अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठाचं नाव चिकटवतात. तिथल्याच जॉन नॉरक्रॉस यांच्या २००२ च्या अभ्यासात नववर्षाचा संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के सहा महिन्यांनीही यशस्वी होते. बदल हवा होता पण संकल्प केला नव्हता, अशांपैकी फक्त ४ टक्के. त्यांच्या आधीच्या पाहणीत दोन वर्षांनी १९ टक्के टिकले होते. स्वीडनमधल्या हजाराहून अधिक लोकांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षअखेर ५५ टक्क्यांनी आपण टिकलो असं सांगितलं. तिथे ‘अमुक करीन’ म्हणणारे ५९ टक्के टिकले, ‘अमुक सोडीन’ म्हणणारे ४७.

राहिली ३१ डिसेंबर ही तारीख. तिच्यात थोडं बळ आहे खरं. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये व्यायामशाळेतल्या हजेरीच्या आणि इंटरनेटवर आहाराबद्दल होणाऱ्या शोधांच्या नोंदी तपासल्या. नव्या वर्षाच्या सुरुवातीला उसळी होतीच, पण ती नव्या महिन्याला आणि नव्या आठवड्यालाही होती. व्यायामशाळेत तर वाढदिवसानंतरही. तेव्हा जानेवारीत ठरवलेली वेळ जमली नाही, तर येत्या सोमवारी वेळ बदलून पाहावी, आणि तीही जमली नाही तर पुढच्या एक तारखेला जागा बदलावी.