नास्तिकांनी गप्प का बसावं?

ज्यांना देवच मान्य नाही, त्यांनी धर्माच्या भानगडीत पडायचं कशाला, असं एका लेखात आम्हा नास्तिकांना विचारलंय. कुणी घरी पूजा करावी, नमाज पढावा, वारीला जावं, आमची काहीच हरकत नाही. पण कायद्यात, कचेरीत आणि पंचांच्या बैठकीत धर्म येतो, तेव्हा तो आमच्याही आयुष्यात येतो.

वाळीत टाकण्याचंच घ्या. मुंबई राज्याने १९४९ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा विधिमंडळात मंजूर व्हायला २०१६ साल उजाडलं. मधल्या काळात ज्यांच्याशी रोटी-बेटी तुटली, ज्यांच्या मयताला कुणी आलं नाही, त्यांतले बहुतेक तर श्रद्धाळूच होते!

जादूटोणाविरोधी विधेयक आलं तेव्हा वारी बंद पडणार अशी आवई उठवली गेली. प्रत्यक्षात वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, हे कायद्यातच लिहिलंय. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि मग काही दिवसांतच अध्यादेश निघाला. हे आठवलं की आजही संताप येतो.

आणि आमचं स्वतःचंही काही आहेच की. सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, तेही कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून.