गिटारवाला पाहिजे, जागा नाही

मागे ठेका धरणारी रिदम गिटार गाण्यातून काढली की गाणं ओकंबोकं वाटतं आणि ठेवली की कुणाच्या लक्षातही येत नाही. लग्नघरातल्या धाकट्या मामासारखं तिचं असतं: धावपळ सगळी तिची, फोटोत मात्र कुठेच नाही. अशा वाद्यासाठी माणसाने किती डोकं शिणवावं? मी बरंच शिणवलं.

निमित्त आमच्या सोसायटीच्या गणपतीचं. तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून कविता करतात. 'सोसायटी गीत' घेऊन ते आले आणि म्हणाले, "चाल तूच लाव. पण गिटार हवी हं, पोरांना आवडते." खरा गिटारवाला बोलवायला माझी ना नव्हती. पण फ्लॅट घोडबंदर रोडवर, तोही वन बीएचके. माइक लावला की आधी कुकर ऐकू येतो, मग खालचे हॉर्न, मग वरच्यांचं ड्रिलिंग. त्यातून जागा उरली तर गिटार. म्हणून प्लगिन, म्हणजे गिटार वाजवून देणारं सॉफ्टवेअर. हा गिटारवाला कॉम्प्युटरमध्ये राहतो, चहा मागत नाही आणि शेवटची लोकल चुकली म्हणून मुक्कामही ठोकत नाही.

बाजारात उतरल्यावर कळतं की यात दोन जाती आहेत. पहिल्या जातीत खऱ्या गिटारवाल्याने वाजवलेले ठेके कापून भरलेले असतात. आपण पेटीसारख्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर नुसता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायचा, हात त्याचा चालतो. यूजॅमची 'व्हर्च्युअल गिटारिस्ट' किंवा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची 'सेशन गिटारिस्ट' ही मंडळी यातली. यूजॅमच्या संस्थापकांत हान्स झिमर आहेत हे कळल्यावर मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, "दोन ऑस्करवाल्या माणसाची कंपनी आहे, काका."

"वर्गणी देणार आहेत का?" काकांनी विचारलं.

या जातीची गिटार अगदी माणसाने वाजवल्यासारखी वाटते, कारण ती माणसानेच वाजवलेली असते. पण त्याने जे वाजवून ठेवलंय तेवढंच मिळतं, आणि त्यात मोठा भरणा चार-चार मात्रांच्या ठेक्यांचा. काकांचं गीत पडलं सहा मात्रांच्या दादऱ्यात. 'धा धी ना, धा ती ना'वर चारचा ठेका बसवला की दुसऱ्याच ओळीला गिटार शेजारच्या सोसायटीत पोचते. तीनाचे ठेकेही असतात, नाही असं नाही. पण मी ऐकले त्यांत गणपतीपेक्षा नाताळ जवळ आल्यासारखा वाटत होता.

दुसऱ्या जातीत, म्हणजे अ‍ॅम्पल साउंड किंवा म्युझिकलॅबची 'रिअलगिटार' वगैरे, ठेका आपला आपण रचायचा. स्वातंत्र्य भरपूर, म्हणून काम भरपूर. हात खाली जाताना जाड तारेकडून बारीक तारेकडे, वर येताना उलट, आणि वर येताना सगळ्या तारा लागत नाहीत, बारीक बाजूच्या तीन-चारच. दोन तारांमध्ये किंचित उशीर हवा, नाहीतर गिटारची पेटी होते. प्रत्येक फटक्याचा जोर 1 ते 127 मध्ये सांगायचा. सगळे एकसारखे ठेवले की टाइपरायटर. शिवाय गिटारवरचा साधा उघडा जी कॉर्ड सहा तारांवर दोन सप्तकं पसरतो. माझा कीबोर्ड 25 पट्ट्यांचा, म्हणजे बरोबर दोन सप्तकं. एक कॉर्ड झाला की कीबोर्ड संपला! कॉर्ड ओळखून तारा लावायचं काम प्लगिन करतं म्हणून निभावतं. तरी ठेका बदलायच्या पट्ट्या आणखी कुठेतरी खाली असतात, तिथे जायला ऑक्टेव्हचं बटण दाबायचं, परत यायला विसरायचं नाही.

त्यात एक बटण असतं फ्रेट नॉइजचं. तारेवरून बोट सरकताना होणारी ती चिर्र. खरा गिटारवाला ती होऊ नये म्हणून जन्मभर जपतो. आपण पैसे मोजून ती वाढवतो.

डेमो ऐकून निर्णय घेऊ नये हे माझं ठाम मत आहे. डेमोत गिटार एकटी असते, भरपूर रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीत न्हालेली. म्हणून मी घरातच परीक्षा ठेवली. बायकोला हेडफोनशिवाय, पाठोपाठ दोन गिटारी ऐकवल्या.

"कुठली बरी?"

"मधली."

मधे शेजारच्यांच्या टीव्हीवर जाहिरात लागली होती.

शेवटी दुसऱ्या जातीतलं एक प्लगिन सेलमध्ये घेतलं. त्याच्या लाकडाची ऊब मला फार आवडली होती. मग मिक्स करताना तबल्यातल्या बायाच्या घुमाऱ्याला जागा हवी म्हणून गिटारचा 100 हर्ट्झच्या खालचा खर्ज कापला. जाड तारेचा मूळ सूरच 82 वर, तो गेला. तरी गढूळ वाटलं म्हणून आणखी वर कापलं. ऊबही गेली. भरपाई म्हणून तोच ठेका थोड्या वेगळ्या हाताने दोनदा बसवला, एक डावीकडे, एक उजवीकडे. हेडफोनमध्ये गाणं कसं रुंद झालं!

मांडवात साउंडवाल्या पोराने पेनड्राइव्ह लावला. "दादा, आपलं मोनो आहे. डावं-उजवं सगळं एकातच." मी विचारलं, गिटार तरी ऐकू येतेय का? त्याने स्पीकरकडे मान कलती केली, नीट कान दिला.

"तो खुळखुळा ना? येतोय की!"