ट्री, फाइफ आणि मी

३१ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या घराची बेल आता फक्त दूधवाला आणि पेपरवाला वाजवतील, अशी माझी भाबडी समजूत होती. ती शेजारच्या वहिनींनी मोडून काढली. त्यांचा पुतण्या वैमानिक आहे. विमान अलगद उतरवण्यात पटाईत, पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत गेल्या खेपेस तो तिसऱ्याच पातळीवर अडकला होता. ‘‘तुम्ही एवढ्या पोरांना शिकवलंत, ह्याचं तेवढं महिन्याभरात करून टाका,’’ असे वहिनी म्हणाल्या. जणू इंग्रजी हे दळण होते आणि मी कोपऱ्यावरची गिरणी.

पहिल्या दिवशी मी जुने व्याकरण झटकून कर्मणी प्रयोगाला हात घातला. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि पिशवीतून गुणांचा तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेल्या या पद्धतीत पातळ्या सहा आणि निकषही सहा : उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. परदेशी उड्डाणांसाठी किमान चौथी पातळी हवी, आणि तीही जन्मभर पुरत नाही. चौथीवाल्याने साधारण ३ वर्षांनी, पाचवीवाल्याने ६ वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसायचे, सहावीवाला तेवढा सुटला. यात सरासरी हा प्रकारच नाही. सहांपैकी जिथे सर्वांत कमी, तोच निकाल. म्हणजे पाच निकषांत पाच-पाच मिळवून ओघात तीन पडले, की गडी तीनच. आयुष्यभर सढळ हाताने कृपागुण वाटत आलेल्या माणसाला हा हिशेब पचवायला दोन कप चहा लागला.

खरा घाव पुढेच होता. विमानाच्या रेडिओवर ‘थ्री’ म्हणायचे नाही, ‘ट्री’ म्हणायचे. ‘फाइव्ह’चे ‘फाइफ’, ‘नाइन’चे ‘नाइनर’ आणि ‘थाउजंड’चे ‘टाउसंड’ करायचे, असा जागतिक नियमच आहे. खरखरणाऱ्या आवाजात एका आकड्याचा दुसरा आकडा ऐकू येऊ नये, म्हणून ही सोय. ‘थ्री’चे ‘ट्री’ करणाऱ्या किती पोरांना मी बाकावर उभे केले असेल, याची मोजदाद त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या करू लागलो आणि टाउसंडच्या अलीकडे कुठेतरी मला झोप लागली.

परीक्षेत चित्र दाखवून वर्णन करायला सांगतात, म्हणून मी धावपट्टीवरून घसरलेल्या विमानाचे एक छायाचित्र त्याच्यापुढे धरले. ‘‘एअरक्राफ्ट इज ऑन ग्रास,’’ असे म्हणून तो थांबला. पुढे काही येईल म्हणून मीही थांबलो. भिंतीवरचे घड्याळ तेवढे बोलत होते. दोष त्याचा नव्हता. आखून दिलेली तुटक वाक्ये बोलण्याची सवय त्याच्या जिभेला लागली होती, आणि ही परीक्षा नेमकी ती वाक्ये संपल्यावर माणूस काय बोलतो, हे पाहते. हाच मुलगा आदल्या रात्री दसरा चौकात कलंडलेल्या रिक्षाची हकीकत मात्र रिक्षावाल्याच्या सासुरवाडीसकट वीस मिनिटे सांगत होता.

तेव्हा मी व्याकरण मिटले आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची एक म्हैस उचलून थेट उजळाईवाडीच्या धावपट्टीवर आणून उभी केली. मी विमानतळावरचा नियंत्रक झालो. म्हैस उभी आहे की चालते आहे, कुठल्या टोकाला आहे, तुला ती कशी दिसली, असे एकेक विचारत गेलो. पहिल्या दोन उत्तरांपर्यंत तो वैमानिक होता, तिसऱ्याला त्याच्यातला कोल्हापूरकर जागा झाला. ‘‘सर, शी इज पंढरपुरी बफेलो. हर हॉर्न्स आर व्हेरी लाँग. शी इज नॉट अफ्रेड ऑफ एनीबडी.’’ ओघ म्हणतात तो हाच! क्रियापदे थोडी लंगडत होती, पण त्याच्या डोळ्यांतली म्हैस माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. ‘‘सर, विषय हार्ड वाटत होता, पण जमतंय,’’ असे म्हणून त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरा चहा घेतला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हेही त्यानेच मला एकदा सांगितले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात एका विमानातून ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे शब्द आले. नियंत्रकाला वाटले, विमान जागेवर उभे आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते, आणि त्याच धावपट्टीवर समोर दुसरे विमान होते. ५८३ माणसे गेली. त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो, आणि मला आपले ‘निघालोच’ आठवत राहिले. अंथरुणात असलेला माणूस निघालोच म्हणतो, मोटारसायकलला किक मारणाराही निघालोच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे असते.

घरातही या शिकवणीचे पडसाद उमटले. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकले’. ‘ऐकले आणि तसेच करतो’ यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे, हे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून ऐकले. ‘‘म्हणजे तुमचं ते ‘हूं’ इतकी वर्षं नुसतं रॉजरच होतं तर!’’ असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून मंडईची यादी मला ऐकली तशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते आणि कोथिंबीर गाळली, तर दारातूनच पुन्हा उच्चार करावा लागतो.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. चौथी पातळी मिळाली, ओघातसुद्धा. त्या आनंदात त्याने मला मिसळ खायला बोलावले आणि ठरल्या वेळी दुकानातून फोन केला, ‘‘सर, कुठं आहात?’’

‘‘निघालोच,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे नेमकं कसं, सर? धावपट्टीवर उभे आहात, का धावायला लागलात?’’

मी लुंगीवर होतो आणि एक चप्पल सापडत नव्हती.