बेचाळिसावा

प्रश्न पाचशे रुपयांचा नाही, असं मी गेले चार दिवस बायकोला सांगतोय. प्रश्न पाचशे रुपयांचाच आहे.

डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठा शिखराच्या ट्रेकला गेलो होतो. पायथ्याचं सांक्री गाव साधारण १,९५० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे जीपमध्ये बसल्या बसल्याच मी महाराष्ट्राच्या डोक्यावर तीनशे मीटर चढलो. त्या ट्रेकमधली माझी सगळ्यात डौलदार चढाई तीच.

सांक्रीत स्पाइक्स भाड्यानं घेतले. बुटावर रबर ताणून चढवायची दातेरी साखळी. पाचशे डिपॉझिट. डाव्या साखळीची एक कडी तारेनं बांधलेली होती. दाखवली. दुकानदार म्हणाला, "सर, एकदम पक्की है."

पहाटे तीनला निघून माथा गाठला, स्वर्गारोहिणी शिखर बघितलं, फोटोच्या रांगेत गारठलो. तिथली कथा अशी, की शंकर इथे ध्यानाला बसले होते; गाईच्या गळ्यातल्या घंटेनं ध्यान मोडलं म्हणून ते केदारनाथला निघून गेले. आता माथ्यावर ब्लूटूथ स्पीकर वाजतो. देव वेळेत निघाले.

उतरताना एका चहाच्या तंबूसमोर तार सुटली. ताजा बर्फ माणसाला सांभाळून घेतो. पण शेकडो बुटांनी तुडवलेला, दुपारी पाझरलेला आणि रात्री पुन्हा गोठलेला बर्फ म्हणजे विहिरीची शेवाळलेली पायरी. मी बसलो तो थेट तंबूच्या दारात जाऊन थांबलो.

"बेचाळीस," वरून शुद्ध मराठीत आवाज आला.

स्टुलावर माकडटोपीतले एक काका. मांडीवर वही.

"काय बेचाळीस?"

"तुम्ही. सकाळपासून या वळणावर पडलेले बेचाळिसावे. बसकण." त्यांनी लिहिलं. "आडवे सतरा, पालथे सहा, बाकी बसकण. एक जण पडता पडता सावरला, तो धरला नाही."

"हात द्या ना जरा."

"थांबा, वेळ टाकतो. अकरा चाळीस." मग हात दिला. "आमची ही वर गेलीय. माझे गुडघे नाही म्हणाले. नुसतं बसून काय करायचं? पस्तीस वर्षं जकात नाक्यावर काढली. जकात गेली, सवय राहिली."

"अहो, पण इथं धोका आहे हे वरच्यांना ओरडून सांगायचं तरी!"

"मध्ये बोललं की आकडा बिघडतो."

पुढे त्यांनी मला चहा पाजला, टाच रोवून कसं उतरायचं ते बसल्या जागेवरून शिकवलं, आणि पुणेकर जास्त पडतात की ठाणेकर हे काढायला गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर थोडे हिरमुसले. वहीत नवा रकाना पाडावा लागला.

संध्याकाळी सांक्रीत दुकानदारानं साखळी उचलून बघितली. "सर, टूट गया." डिपॉझिट जप्त. मी तारेचा पूर्वेतिहास हिंदीत सांगितला. माझ्या हिंदीनं ती तार आणखी कमकुवत झाली. आणि खरं सांगू, इथं माझं हसू संपतं. ती कडी उद्या पुन्हा तारेनं बांधली जाणार आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पायात जाणार. मी तंबूच्या दारात थांबलो. त्याच्यासमोर दरी असली तर? डिपॉझिट त्या साखळीसाठी. पायासाठी कुणाकडून काय घ्यायचं?

तेवढ्यात काका दिसले, काकूंच्या मागे, दोघांच्या काठ्या सांभाळत. मी धावलोच.

"काका, यांना सांगा! माझी तार सुटली आणि मग मी पडलो. तुम्ही समोर होतात!"

काकांनी चष्मा चढवला, वही उघडली, पान उलटलं. "अकरा चाळीस. बेचाळीस. बसकण. नाशिक." वर बघून म्हणाले, "कारणाचा रकाना नाही हो."

"पण तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. नोंद नाही." मग खिशातून पेन काढून वही माझ्यापुढे धरली. "तेवढी सही राहिलीय तुमची."

मी केली.