इंदूरकरांनो, कायमचं सुखी व्हा (पहाटे साडेपाचपासून)

सुखी व्हायचंय ना? मग कुटुंबाच्या ग्रुपातलं २१ दिवसांचं ‘कृतज्ञता चॅलेंज’ घ्या. तुम्ही नको म्हणालात तरी मामेबहीण नाव घालतेच, परवा माझं घातलं तसं. रोज पहाटे साडेपाचला तीन आभार, सोबत सूर्योदयाचा फोटो. चुकलात तर सगळ्यांसमोर नाव पुकारतात. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी हेच सहा आठवडे करून पाहिलं. आठवड्यातून एकदा आभार मोजणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा मोजणाऱ्यांचं नाही. रोजचा रतीब झाला की मन त्यात राहत नाही. तेव्हा आपण सातदा करायचं! ‘कुटुंब, आरोग्य, ईश्वर’ हे कालचंच आज चिकटवायचं. रविवारी रात्री, वहीत, ‘गॅस संपला तेव्हा शेजारच्या काकूंनी सिलिंडर दिलं’ असं नेमकं काही लिहायला वेळ कुणाला आहे? आणि त्यावर अठ्ठावीस अंगठे कोण देणार?

लॉटरीचं तिकीट घ्या.

बायपासपलीकडे मोठा फ्लॅट घ्या. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांनी कुठल्या वेळी किती बरं वाटलं याचा दिवसभराचा हिशेब दिला (२००४), त्यात सकाळचं कामावर जाणं अगदी तळाशी निघालं. मोठ्या हॉलची सवय होते, विजयनगरच्या सिग्नलची होत नाही. पण त्या बायकांना कुठे क्लबहाउस होतं?

छप्पन दुकानवर पोहे आले की फोन उघडा. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांच्या २०१० च्या अभ्यासात लोकांचं मन जवळजवळ निम्मा वेळ हातातलं काम सोडून भलतीकडे होतं, आणि तेव्हा ती माणसं कमी सुखी होती. उरलेला निम्मा वेळ तरी कशाला सोडायचा?

सत्कर्म रोज चिमूटभर करा. आठवड्याची पाचही एकाच दिवशी केली तर फरक जाणवतो म्हणे; तेवढं टाळा.

आणि माणसांकडे जाऊ नका. हार्वर्डवाले १९३८ पासून ७२४ पुरुषांच्या आयुष्यांमागे लागले, आणि म्हातारपणी कोण धडधाकट नि समाधानी राहिलं? ज्यांची जवळची नाती ऊबदार होती ते. नाती! फॉरवर्ड नव्हेत! रामबागेत तुमची मावशी एकटी राहते, गुडघे गेलेत तिचे. तुमचा सूर्योदय तिला रोज पोचतो, तुम्ही दिवाळीनंतर फिरकलेला नाहीत. लाज वाटत नाही? जिना चढायला दोन मिनिटं लागतात. पोहे बांधून घ्या, जिरावन मसाला वेगळा, शेव वेगळी, नाहीतर लगदा होतो. तासभर बसा. गुडघ्यांवर उपाय सांगू नका, ती काय म्हणते ते ऐका. आणि तिथे फोटो काढाल तर खबरदार.