‘मुकाट सोसा’ ही ख्रिस्ताची शिकवण नाही

सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘ख्रिस्ती धर्मात दुःखच तारतं. म्हणून ते मुकाट सोसायचं, वेदनाशामक टाळायचं, मार बसला तरी बोलायचं नाही. हीच नम्रता.’

‘दुःखच तारतं.’ मग अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने ‘हा प्याला टळो’ अशी विनवणी का केली (मत्तय 26:39)? त्याने दुःख मागितलं नाही, पित्याची इच्छा स्वीकारली. यावर बहुतेक जण बायबलमधल्या पौलाच्या पत्रातली ओळ पुढे करतात: ‘ख्रिस्ताच्या दुःखातलं जे उणं आहे ते मी माझ्या देहात भरून काढतो’ (कलस्सैकर 1:24). तिथलं व्याकरण नीट पाहा. तुरुंगातून लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो ‘मी’, ‘माझ्या देहात’, ‘तुमच्यासाठी’. आपलं दुःख आपण अर्पण करू शकतो; दुसऱ्याचं, त्याच्या वतीने, कुणालाच अर्पण करता येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ म्हणणारे नेमके इथे चुकतात, आणि ही चूक फार खोल जखम करते.

‘मुकाट.’ बायबलमधला निर्दोष असून सगळं गमावलेला ईयोब मुकाट नव्हता, तो देवाशीच भांडला. मित्र सात दिवस नुसते शेजारी बसले तोवर ठीक होतं, पण तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर (ईयोब 42:7).

‘वेदनाशामक टाळा.’ 24 फेब्रुवारी 1957 रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना उलट सांगितलं: दुसरा उपाय नसेल आणि हेतू वेदना शमवण्याचाच असेल, तर आयुष्य काहीसं घटण्याची शक्यता असूनही औषध देता येतं.

आता मार. ‘उजव्या गालावर कुणी मारलं तर दुसराही पुढे कर’ असं येशू म्हणतो (मत्तय 5:39); तिथे ‘उजवा’ गाल आहे. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा पडतो. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात साध्या थपडेला 200 झूझ (चांदीची नाणी) दंड आहे, उलट्या हाताच्या थपडेला 400. म्हणजे ती इजेपेक्षा अपमानाची थप्पड. दुसरा गाल पुढे करणारा सूड घेत नाही, पण खालमानेने पळतही नाही. स्वतः येशूला महायाजकासमोर चपराक बसली तेव्हा त्याने विचारलं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23)?

नम्रतेत ख्रिस्तासारखं स्वतःहून रिकामं होणं, म्हणजे आपला मोठेपणा सोडणं असतं (फिलिप्पैकर 2:7); दुसऱ्याने चिरडणं ही नम्रता नव्हे. म्हणूनच कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्याचं कलम 1153 सांगतं की जोडीदारापासून शरीराला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क आहे. उशीर धोक्याचा असेल, तर त्यासाठी बिशपच्या हुकुमाचीही वाट पाहावी लागत नाही.