"पाचट जाळलं काय, कुजवलं काय, कार्बन हवेतच जातो" हे साफ चुकीचं आहे

ऊस तुटून गेला की दरवर्षी तो व्हिडिओ परत फिरायला लागतो. पेटलेला फड, मागून सांगणारा आवाज, आणि म्हणणं थोडक्यात असं: पाचटातला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यातला, कार्बन हवेतूनच आलेला असतो, जाळलं तरी हवेत जातो, कुजवलं तरी हवेतच जातो, मग कुजवायचा खटाटोप कशाला, शिवाय राखेतून सगळं खत जमिनीला परत मिळतं, कीड मरते, पाचट ठेवलं तर खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणारं पीक) पिवळा पडतो, आणि हवेत कार्बन वाढला तर पिकाचा फायदाच. आत्तापर्यंत मी सोडून देत होते, पण परवा मामांचा फोन आला, "अगं, कुजलं तरी हवेतच जातंय न्हवं, मग पेटवून मोकळं हुयाचं." मामा माती परीक्षण करून खतं टाकणारे आहेत, ऐकीव गोष्टीवर चालणारे नाहीत. त्यांना हे पटलं म्हणजे अजून किती जणांना पटलं असेल, म्हणून लिहितेय.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात अर्धं खरं आहे. उसाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन साखरेत, चोयट्यात, पाचटात बांधतं. वाळलेल्या पाचटाचा 40 टक्क्यांच्या आसपास भाग नुसता कार्बन असतो आणि तो हवेतूनच आलेला असतो, युरियाच्या पोत्यातून नाही. त्यामुळे पाचट जाळणं आणि कोट्यवधी वर्षं गाडलेला कोळसा उकरून जाळणं एक नाही, हे मान्य. कुजतानाही बराचसा कार्बन हवेत जातो, कारण बुरशी आणि जिवाणू पाचट खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात, हेही मान्य. पण बराचसा म्हणजे सगळा नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पेटवलं की जवळपास सगळा कार्बन काही मिनिटांत वर जातो, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होऊन, जी आजूबाजूची माणसं श्वासातून आत घेतात. कुजायला मात्र महिने लागतात, आणि त्या काळात तो कार्बन बुरशीच्या, जिवाणूंच्या, गांडुळांच्या अंगातून फिरतो, ते मरतात, त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना धरून बसतात, आणि हाच तो सेंद्रिय कर्ब जो माती परीक्षणाच्या कागदावर कमी आला की आपण हळहळतो. थोडाच उरतो, पण दरवर्षी थोडा. जगभरातल्या मातीत आज जेवढा कार्बन आहे तो हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला मिळून होतो त्यापेक्षाही जास्त आहे, आणि त्यातला बहुतेक असाच थोडा थोडा साठलेला आहे.

आणि व्हिडिओवाला जे सांगतच नाही ते हे, की तुम्ही पाचट जाळलं म्हणून मातीतले जिवाणू उपाशी बसत नाहीत. ते जुना साठलेला कर्ब खात राहतात, तो कार्बनही हवेत जात राहतो. म्हणजे घरातली आवक बंद आणि खर्च चालू. मग "हिशोब एकच" कसा?

हे माझं म्हणणं नाही. दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोंबला 1939 पासून उसावर एक प्रयोग चालू आहे, उसावरचा जगातला सगळ्यात जुना. काही प्लॉटमध्ये पाचट तसंच पसरून ठेवतात, काहींत जाळतात पण शेंड्याचे वाढे रानातच टाकतात, आणि काहींत जाळून वाढेही बाहेर काढतात. साठ वर्षांनंतर माती तपासली तर वरच्या थरातला सेंद्रिय कर्ब नेमका ह्याच क्रमाने उतरत गेलेला, पाचट ठेवलेल्यात सगळ्यात जास्त आणि सगळं बाहेर काढलेल्यात सगळ्यात कमी. जिवाणूंचं प्रमाणही तसंच. तिथला ऊस पावसावरचा, आपला पाण्याखालचा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच. जाळणं आणि ठेवणं एकच असतं तर इतक्या वर्षांत फरक दिसलाच नसता.

आता राख. राखेत पालाश (पोटॅश), कॅल्शियम, थोडं स्फुरद (फॉस्फरस) राहतं, हे खरं. नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळं उडून जातं, गंधकही बरंचसं. एकरी 4 टन पाचट धरलं आणि त्यात नत्र अर्धा टक्का, तर 20 किलो नत्र, म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया धुरात. उरलेली राखही जागेवर कुठे राहते? वारा सुटला की बांधावर, आणि पहिलं पाणी दिलं की सरीच्या शेवटाला. याउलट पाचट ठेवलेल्या सरीत महिना-दीड महिन्याने हात घालून बघा. वरचं कडकडीत वाळलेलं, त्याच्याखाली ओलसर काळपट झालेलं, पांढऱ्या बुरशीच्या तारा, आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. शेजारची जाळलेली सरी तोवर भेगाळलेली असते.

किडीचं थोडक्यात. मुळं खाणारी हुमणी अळी मातीत खाली असते, वरच्या जाळाने तिला काही होत नाही. मरतात ते वरचे कोळी आणि मित्रकीटक. उसाचा रस शोषणाऱ्या पाकोळी किडीवर जगणाऱ्या एपिरिकॅनिया ह्या मित्रकीटकाचे कोष पाचटावरच असतात, ते तुम्ही स्वतःच्या हाताने जाळता.

खोडवा पिवळा पडतो, हे होतं. पाचटात साधारण 100 भाग कार्बनला 1 भाग नत्र असतं, जिवाणूंना एवढ्यात भागत नाही, म्हणून ते सुरुवातीला मातीतलं नत्र ओढतात. पण त्यासाठी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस किती वर्षांपासून आहे: पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर. तेवढं टाका, पाणी द्या. ओढलेलं नत्र पुढे हळूहळू पिकालाच मिळतं.

आणि हवेतला कार्बन वाढला तर पिकाची चंगळ, हे उसाबाबत तर फारसं लागूच नाही. मका, ज्वारी, ऊस ही पिकं पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड गोळा करून वापरतात, हवेत तो वाढला म्हणून त्यांची वाढ फारशी वाढत नाही. 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाखात 315 भाग होता, आता 420 च्या वर आहे, आणि त्याबरोबर वाढलेली उष्णता व लहरी पाऊस मात्र उसालाही सोसावा लागतोय.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मामांनी शेवटी सांगितलीच. पाचटाचे बारीक तुकडे करणारं कुट्टी मशीन वेळेवर मिळत नाही, मिळालं तर भाडं परवडत नाही, आणि शेजाऱ्याने पेटवलं की जाळ आपल्या रानात येतो. ह्यावर गावाने, सोसायटीने, कारखान्याने मिळून काहीतरी करायला पाहिजे, मी मामांच्या गावात चार जणांत मशीन ठरवता येतं का ते बघतेय.